सहा बुचं

शाळेच्या जिन्याखाली एक खोली आहे. उभं राहिलं की डोकं छताला लागतं आणि बसलं की गुडघे भिंतीला. या खोलीत गेली बावीस वर्षं एक बाई बसते आणि पितळेला आलेले पोचे काढते. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, झांजा, ढोलाच्या कड्या, शाळेच्या बँडमधलं जे जे पडतं, आपटतं, चेपतं आणि अडकतं ते सगळं तिच्याकडे येतं. विद्या तिच्या वडिलांची. त्यांनी ती मुलाला शिकवायचं ठरवलं होतं. मुलगा कंटाळून पळाला, आणि शेजारी बसून नुसती बघत असलेली मुलगी शिकली. लाकडी हातोडी, टोकाला लोखंडी गोळे बसवलेल्या सळया, एक छोटी शेगडी, बुचांचा डबा आणि ट्रम्पेटच्या खटक्यांत घालायच्या तेलाची बाटली, एवढा तिचा तिथला संसार. दिवसभर आतून ठोक ठोक ऐकू येतं, म्हणून मुलांनी नाव ठेवलं ठोकमावशी. समोर कुणी म्हटलं तर ती रागावल्यासारखं करते, पण नाव तिला आवडतं.

बाई हाताने हलकी आणि तोंडाने फटकळ. एखादं पोर चेपलेला बाजा घेऊन, मान खाली घालून दारात उभं राहिलं की आधी सरबत्ती. "पडला? बाजा पडला की तू पडलास? तू पडला असतास तर परवडलं असतं बाबा! तुझा गुडघा आपोआप भरून येतो, पितळ कुणी भरायचं?" एवढं बोलून होईपर्यंत हात कामाला लागलेले असतात, आणि पोर निघतं तेव्हा पोचा गेलेला असतो.

तिची एक रीत आहे, तीही वडिलांकडून आलेली. बँड बाहेर कुठे वाजवायला निघाला की ती स्टूल टाकून मुलांकडे पाठ करून बसते. मागे लांब टेबलावर सगळे बाजे मांडलेले. एकेकाने यायचं, आपला बाजा उचलायचा आणि एकच लांब सूर धरायचा. ढोलवाल्याने एक ठोका द्यायचा. मावशी मागे न बघता सांगणार, "ढब्बू. दुसरा खटका सुकलाय, तेल घाल. घे." तिच्या तोंडून 'घे' निघालं की बाजा त्याचा, नाहीतर परत टेबलावर. "तोंड बघितलं की दया येते," वडील म्हणायचे, "कानाला दया नसते." शाळेत याला पाठमोरी हजेरी म्हणतात. बँडमास्तर बदलले, मुख्याध्यापक बदलले, हजेरी काही चुकली नाही.

तर या शाळेच्या बँडला परदेशातून बोलावणं आलं. हिवाळी सुट्टीत तिकडच्या एका मोठ्या शहरात परेड निघते, देशोदेशीचे शाळांचे बँड वाजवत जातात. तीस जणांना बोलावलं होतं, आणि बँडमध्ये मुलं होती बरोब्बर तीस. मग काय विचारता! सहा महिने मैदानावर सकाळी साडेसहाला पावलं आपटायला लागली. बँडमास्तरांचा घसा बसला तो बसलाच. पुढच्या ओळीत दहा ट्रम्पेट होते, आणि दहांत पहिली होती शिट्टी.

शिट्टी म्हणजे नववीतली एक लांबडी पोर. पुढच्या दोन दातांत फट, त्यामुळे लहानपणी बोलायच्या आधी शिट्टी वाजवायला शिकली. ट्रम्पेट फुंकताना त्या फटीतून आधी किंचित हवा निसटते आणि मग सूर लागतो, आणि तो असा लागतो की मैदानाच्या पलीकडचा चहावाला हातातलं काम थांबवतो. वडील इस्त्रीवाले. बँडचे तीसच्या तीस गणवेश त्यांच्याच टेबलावरून कडक होऊन यायचे.

निघायला आठ दिवस उरले असताना एका दुपारी बँडमास्तर जिन्याखाली आले. दारात उभे राहिले, आत आले, पुन्हा दारात गेले. मावशीने हातोडी खाली ठेवली.

"मास्तर, जे असेल ते ओका एकदाचं."

"सहा ट्रम्पेटना बूच मारायचंय," मास्तर म्हणाले. "आतून. माउथपीस बसतो ना, तिथे. बाहेरून दिसता कामा नये."

"बूच? आणि मग वाजायचं कसं?"

"वाजायचं नाहीच आहे."

हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. यादी बदलली होती. शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांचा नातू, कमिटीतल्या आणखी पाच जणांची मुलं, अशी सहा नावं आत आली होती आणि दहांपैकी सहा ट्रम्पेटवाले बाहेर. त्या सहा नव्या मुलांनी उभ्या जन्मात ट्रम्पेटला तोंड लावलं नव्हतं. पण गणवेश अंगाला बसतो, उंची सारखी आहे, फोटोत ओळ छान दिसते! उरलेले चार ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन मिळून वेळ मारून नेतील, ही सहा जणं नुसती गाल फुगवतील. उत्साहाच्या भरात कुणी चुकून फुंकलंच तर आवाज येऊ नये म्हणून बूच. बघा म्हणजे! सहा महिने पहाटे उठून पाय आपटले एकांनी, आणि विमानात बसणार भलतेच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून काय वेगळा असतो?

"बाहेर कोण कोण गेलं?" मावशीने विचारलं.

मास्तरांनी पाच नावं सांगितली आणि सहावं सांगताना खिडकीकडे पाहिलं.

"शिट्टीला काढलंत? अहो, तुमचा बँड चालतो तिच्या फुंकीवर!"

"तिच्या घरून कुणी भांडायला येणार नाही," मास्तर म्हणाले. "अध्यक्षांनी तसंच सांगितलं. ज्यांच्या घरून कुणी येणार नाही ती नावं काढा."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बुचांचा डबा उचलून मास्तरांच्या हातात कोंबला. "घ्या! यातलं एक बूच स्वतःच्या तोंडाला लावा. कमिटीपुढे मूग गिळून बसता, निदान तेवढं तरी बाहेरून दिसेल!" मास्तर डबा स्टुलावर ठेवून गेले.

घरी आली ती तणतणतच. नवरा बस चालवतो. नुकताच येऊन पाय पसरून बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या बसमधल्यासारखंच. तिकीट काढलेला उभा, ओळखीचा खिडकीशी."

"तुम्हाला थट्टा सुचतेय!"

"थट्टा नाही. तू एक काम कर. बूच मारतेस म्हण आणि मारूच नकोस. वाजू दे त्यांची पिपाणी परदेशात. सगळ्या जगासमोर नाक कापलं जाऊ दे."

सांगायला हरकत नाही, दोन घोट चहा पिऊन होईपर्यंत मावशीला हा बेत फार गोड वाटला. अध्यक्षांचा नातू भर रस्त्यात रेड्यासारखा हंबरतोय, हे डोळ्यांसमोर आणून ती हसलीसुद्धा. मग हसू मावळलं. "आणि बाकीची चोवीस पोरं? त्यांनी काय घोडं मारलंय? नाक त्यांचंही कापलं जाईल."

"मग बूच मार आणि मोकळी हो."

"मारणार नाही. पोचे काढण्यात हयात गेली माझी. चांगल्या बाजाचा गळा मी दाबायचा?"

"हेही नाही, तेही नाही," नवरा म्हणाला. "मग करणार काय?"

"भांडणार," मावशी म्हणाली. नवऱ्याने मान डोलावली. हे त्याला आधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेली. गार खोली, काचेचं टेबल, भिंतीवर बँडचा फोटो. अध्यक्ष फोनवर बोलत होते. तिला बघून त्यांनी टेबलावरच्या रिकाम्या कपांकडे बोट केलं. उचला, म्हणून. बावीस वर्षं ज्या बाईच्या हातचे बाजे वाजले तिला हा माणूस कप उचलणारी समजत होता. आणि कप उचलणारीलाही कुणी असं बोट दाखवू नये, ती गोष्ट वेगळीच. मावशीने कप उचलले नाहीत. फोन संपेपर्यंत ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"मी बाजे दुरुस्त करते. त्या सहा मुलांबद्दल बोलायचंय."

"हां हां, ते बुचांचं. झालं का?"

"झालं नाही, आणि माझ्या हातून होणार नाही. ज्यांना वाजवता येतं त्यांना न्या."

अध्यक्ष हसले. समजूतदारपणे हसले, त्याचीच तिला जास्त चीड आली. "मावशी, परेडमध्ये कुणी ऐकत नाही हो. लोक बघतात."

"मग दुकानातले पुतळे न्या. ते तर अजिबात चुकत नाहीत."

"हे बघा, शाळेसाठी धावपळ आम्ही करतो. दोन जागा आपल्या मुलांना मिळाल्या तर एवढं काय आभाळ कोसळलं?"

"दोन नाही, सहा. आणि आपली म्हणजे कुणाची? बाहेर काढलेली कुणाची होती?"

आता हसू गेलं. तिकिटं झालीत, नावं गेलीत, यावर चर्चा नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं. बूच नसलं तर नसू दे, आम्ही आत रुमाल कोंबू, आणि जिन्याखालची खोली शाळेची आहे एवढं लक्षात असू द्या, असंही सांगितलं.

"खोली तुमची," मावशी म्हणाली, "पण हजेरी माझी. हजेरी दिल्याशिवाय बाजा कुणाच्या हाती जाणार नाही. निघायच्या दिवशी, मैदानावर, सगळ्या आईबापांसमोर."

"घ्या की हजेरी," अध्यक्ष म्हणाले आणि पुन्हा फोन उचलला.

इतक्या सहज 'घ्या की' आलं तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं. पण तिचं डोकं पुढे धावत होतं. तिचा हिशोब साधा होता. शंभर-दीडशे आईबाप मैदानावर असणार. सहा मुलं सगळ्यांसमोर नुसती हवा फुंकणार. लोक विचारतील, ज्यांना वाजवता येतं ती मुलं कुठे आहेत? कमिटीला मग तोंड लपवायला जागा राहणार नाही, आणि शिट्टीचं नाव परत यादीत येईल. आपली बाजू खरी असली म्हणजे लोक आपल्या बाजूने बोलतात, असं तिला वाटत होतं. पन्नाशी उलटली तरी काही माणसं अशी भाबडी राहतात.

निघायचा दिवस उजाडला. मैदानाच्या कडेला दोन बस उभ्या, टपावर सामान चढतंय, आया मुलांच्या गळ्यातले मफलर पुन्हा पुन्हा नीट करतायत. लांब टेबलावर तीस बाजे लखलखत होते. टेबलामागे ढोलांची मोठी रिकामी खोकी एकावर एक रचून ठेवली होती. मावशीने मध्ये स्टूल टाकलं आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली.

ढोल झाले, झांजा झाल्या. ट्रॉम्बोन झाले. "घे. घे. ताणून धरू नकोस, घे. अरे, सर्दी झालीय तुला, आईला सांग, घे." आईबाप हसत होते. चार ट्रम्पेट झाले. मग शाळेच्या कारकुनाने मोठ्याने अध्यक्षांच्या नातवाचं नाव पुकारलं, आणि मावशी कान देऊन बसली.

मागून सूर आला. स्वच्छ, भरलेला, लांब. आणि त्याच्या आधी, दातांच्या फटीतून निसटते तशी किंचित हवा.

मावशीचं 'घे' यायच्या आतच कारकुनाने दुसरं नाव पुकारलं. पुन्हा सूर, आणि सुराआधी तीच हवा. तिसरं नाव, चौथं नाव. फुंकणारी दर वेळी पट्टी थोडी बदलत होती, एकदा मुद्दाम सूर हलवलाही. पाचवं झालं, सहावं झालं. जी मुळात घरी राहणार होती, तिच्याच फुंकीवर सहा जणं विमानात बसत होती. जिने पाठ केलीय तिला काय कळणार, अशी त्यांची अक्कल! अरे, तिने पाठ केलीय म्हणूनच तर तिला कळतं!

बावीस वर्षांत पहिल्यांदा मावशी हजेरीत मागे वळली.

सहा मुलं कडक इस्त्रीच्या गणवेशात रांगेत उभी होती. त्यांच्या मागे, खोक्यांच्या आड, घरच्या फ्रॉकमध्ये शिट्टी वाकून बसली होती. हातात ट्रम्पेट, शेजारी कारकून. चार पावलांवर बँडमास्तर.

"ऊठ गं," मावशी म्हणाली. "अशी समोर ये." आणि मग तिचा आवाज चढला तो सगळ्या मैदानाला ऐकू गेला. "हिने वाजवलं! सहाही वेळा हिनेच वाजवलं! यांना एक सूर येत नाही. यांच्यासाठी हिला काढली, आणि हजेरी द्यायला हिलाच लपवून बसवली! लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

मावशी लोकांकडे बघत राहिली. आता कुणीतरी बोलेल. कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाप. एक गृहस्थ खाकरले, आणि म्हणाले, "झालं ते झालं. पण विमान चुकेल हो." लगेच दुसऱ्याने घड्याळ पाहिलं. एक बाई म्हणाली, "आमच्या मुलांचा काय दोष? त्यांना का खोळंबवता?" ज्या चोवीस जणांची नाकं वाचावी म्हणून मावशीने नवऱ्याचा बेत मोडला होता, त्यांचेच हे आईबाप. बोलणारे बोलले, बाकीच्यांनी मिठाची गुळणी धरली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्हाला तर माहीत होतं, मला कळेल."

"माहीत होतं," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "वाटलं, समजून घ्याल."

अध्यक्ष पुढे आले. आवाज चढवला नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. "ठीक आहे. ते सहा बाजे राहू द्या इथेच. तिकडे गेल्यावर या सहा जणांच्या हातात झेंडे देऊ. पुढच्या ओळीत झेंडे आणखी छान दिसतील. चला, बसा सगळे."

बस्स! एवढ्यात संपलं. आठ दिवस जिच्यासाठी बाईने रक्त आटवलं ती लढाई एका वाक्यात निकालात निघाली. मुलं बसमध्ये चढली. मुलांनी खिडक्यांतून हात हलवले, काहींनी मावशीलाही हलवले. बस गेल्या, मागोमाग आईबाप पांगले, आणि मैदानावर एक टेबल, पाच ट्रम्पेट, रिकामी खोकी आणि या दोघीच उरल्या. सहावा ट्रम्पेट शिट्टीच्या हातात होता.

मावशीचा राग अजून निवला नव्हता. "झेंडे म्हणे! पण एक केलं मी. खोटं खपू दिलं नाही."

शिट्टी खोक्यावर बसली होती. "मावशी, तुम्ही का वळलात?"

"का वळले? अगं, तुझ्या जिवावर उड्या मारत होते ते! काय सांगितलं होतं तुला त्या कारकुनाने?"

"सहा वेळा वाजव, पुढच्या वर्षी पहिलं नाव तुझं."

"तोंडाला पानं पुसली गं तुझ्या! पुढच्या वर्षी कोण बोलावतंय? असली आमंत्रणं काय दरवर्षी येतात?"

"मला माहीत होतं ते. मी बावळट नाही." शिट्टीने मान वर केली. "पण त्यांनी मला विचारलं तरी. वाजवशील का, म्हणून. नाव काढताना सरांनी विचारलं नाही. बाबांना कुणी विचारलं नाही. आणि तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही सरांशी भांडलात, अध्यक्षांशी भांडलात, सगळ्या शाळेला माहितीय. माझ्यासाठी भांडलात, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत. आज हे असं सगळ्यांसमोर मला उभं केलंत, तेही न विचारता."

गेल्या आठ दिवसांत ही पोर तीनदा जिन्याखाली येऊन उभी राहिली होती. तिन्ही वेळा आपण 'आत्ता नको गं, माझं डोकं फिरलंय' म्हणून तिला परत पाठवलं, हे मावशीला आठवलं. डोकं फिरलं होतं ते हिच्याचसाठी, हेही खरं होतं. पण त्याने काही बदलत नव्हतं.

ती शेजारच्या खोक्यावर बसली. "चुकलं माझं. आता विचारते. तू सांग."

"मला जायचं होतं," शिट्टी म्हणाली, आणि इतके दिवस न रडलेली ती पोर रडायला लागली. "मला खूप जायचं होतं, मावशी."

मग ती सांगत राहिली आणि मावशी मध्ये एक शब्द न बोलता ऐकत राहिली. विमानात खिडकीशी जाताना कोण आणि येताना कोण, हे तिचं आणि झांजवाल्या मैत्रिणीचं सहा महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. तिकडे थंडीत ओठ फुटतात आणि मग सूर लागत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती महिनाभर रोज ओठांना तूप लावत होती. आणि बाबांनी इस्त्रीच्या एका गिऱ्हाइकाकडे शब्द टाकून तिच्यासाठी एक जाड लोकरी स्वेटर मागून आणला होता. तो तिने दोनदा घालून बघितला होता, घरातच, पंखा लावून. उद्या बाबा तो परत करायला जाणार होते.